वॉशिंग्टन आडनावाची माणसं

आडनाव ऐकून माणूस कुठला, कोण, हे ओळखायची विद्या मला कुणी शिकवली नाही. ती आपल्याकडं श्वासाबरोबर आत जाते. बसस्टँडवर शेजारी बसलेली बाई आधी नाव विचारते, मग ‘पूर्ण नाव?’ विचारते, आणि त्या दुसऱ्या प्रश्नात काय दडलंय ते विचारणारीलाही ठाऊक असतं, सांगणारीलाही. मी या विद्येत पटाईत. माझं स्वतःचं आडनाव मात्र भल्याभल्यांना चकवतं. रूपा सर्जेराव पाचोडकर. शेवटी ‘कर’ आलं की ऐकणाऱ्याचा चेहरा सैल पडतो. मी तो पडू द्यायचे. खोटं कधी बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

चिकलठाण्याला एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे जुने कागद वाचायचे आणि त्यातली हवी ती माहिती कॉम्प्युटरवर भरायची, हे आमचं काम. दुपारी बारा ते रात्री नऊ. बारा पोरींची टीम, मी त्यांची लीड, आणि आमच्या डोक्यावर मुकुंद सर. सर सरळ माणूस. आवाज चढवत नाहीत, डब्यातली चटणी सगळ्यांना वाटतात. सहा वर्षं दर भाद्रपदात ते मला आपणहून म्हणायचे, ‘पाचोडकर, महालक्ष्म्यांची सुट्टी टाका हो, घरात गडबड असेल.’ मी सुट्टी टाकायचे. आमच्या घरात महालक्ष्म्या बसत नाहीत. आम्ही बौद्ध. मी ते तीन दिवस सिडकोतल्या घरी पाय पसरून टीव्ही बघायचे आणि चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना मिठाईच्या दुकानातून पुरणपोळ्या घेऊन जायचे. हसू नका. लाज मलाच वाटते.

२०२३ च्या ऑगस्टात एका मोठ्या अमेरिकन हॉस्पिटलचं काम आलं. मुकुंद सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर समजावून सांगितलं. रक्त तपासून किडनी किती चालते त्याचा एक आकडा काढतात. तो वीसपर्यंत उतरला की माणसाचं नाव दुसऱ्याची किडनी मिळायच्या यादीत लागतं, आणि तिथं जितके दिवस जास्त उभं राहाल तितका तुमचा नंबर वर. आता यातली मेख अशी, की तिकडं वर्षानुवर्षं माणूस काळा असला तर हा आकडा वाढवून धरायचे. रक्त तेच, पण गोऱ्याचे एकोणीस तर काळ्याचे तेवीस. कारण काय, तर काळ्यांचं अंग म्हणे पिळदार, म्हणून त्यांचं रक्त उगाच वाईट दिसतं. म्हणजे गोऱ्याचं नाव यादीत लागायचं, आणि तितकीच खराब किडनी घेऊन काळा माणूस घरी जायचा. कुणाची दोन वर्षं गेली, कुणाची सात. आता तिकडच्या लोकांना ही चूक उमगली होती. ज्यांची वर्षं बुडाली त्यांना ती परत द्यायची असं वरून ठरलं होतं. त्यासाठी प्रत्येक काळ्या माणसाच्या फायलीत मागं जाऊन, ती वाढ काढून टाकल्यावर आकडा वीसपर्यंत उतरलेला पहिला कागद शोधायचा. मुदत डिसेंबरअखेर.

स्वरदा माझ्या शेजारी बसते, नवीन लग्न झालेली, बोलायला मोकळी. ती म्हणाली, बाई गं, असं कसं करतात लोक! कसं करतात ते मला ठाऊक होतं.

माझ्या आत्याचं नाव सत्यभामा. १९८४ साली ती बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा लागल्या तेव्हा माझ्या वडिलांनी तिला पाचोडहून बैलगाडीनं तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. दारात कंपाउंडर वही घेऊन बसलेला. त्यानं आणणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. वडिलांनी सांगितलं, साळवे. त्यानं लिहून घेतलं आणि म्हणाला, बसा तिकडं झाडाखाली. मग एक बाई आली, ती आत गेली. आणखी एक आली, तीही गेली. वडील तीनदा विचारायला गेले, तीनदा ‘बसा’. संध्याकाळी आत्याला आत घेतलं तेव्हा मूल पोटातच गेलेलं होतं. पुढं तिला मूल झालं नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी सरकारी गॅझेटात आडनाव बदलून घेतलं. साळवेचं पाचोडकर केलं. धर्म सोडला नाही, वस्ती सोडली नाही, फक्त दारातल्या वहीसाठी दुसरं आडनाव घेतलं.

तर हे सगळं माहीत असलेली मी, आणि मीच माती खाल्ली.

झालं असं. सहाशे फायलींत काळा-गोरा लिहायचा रकाना रिकामाच होता. अशा वेळी आम्हाला तीन उत्तरं होती. हो, नाही, किंवा विचारावं लागेल. ‘विचारावं लागेल’ म्हटलं की हॉस्पिटलवाल्यांना त्या पेशंटला फोन करावा लागायचा. सप्टेंबरात तिकडून निरोप आला, तुम्ही फारच विचारायला लावताय, जरा कागद नीट वाचा. मुकुंद सरांनी तो निरोप मला वाचून दाखवला आणि ते आपल्या कामाला लागले. पण मला झोंबलं. मी म्हटलं, यात काय अवघड आहे, आडनावावरून कळतं की! आणि एका पुठ्ठ्यावर यादी केली. उजवीकडं काळे, डावीकडं गोरे. वेस्ट इंडीजच्या क्रिकेट टीममधली झाडून सगळी आडनावं उजवीकडं. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन डावीकडं, कारण ती राष्ट्राध्यक्षांची. म्हणजे तिकडचे देशपांडे-कुलकर्णीच की. पोरी फिदीफिदी हसल्या, पण पुठ्ठा कॉम्प्युटरजवळ उभा राहिला आणि कामाला वेग आला. मुकुंद सरांनी विचारलं कसं काय, तर मी म्हटलं, टीम तयार झाली सर. हुशारी अशी नडते.

त्याच दिवसांत मी एक फाइल स्वतः बंद केली होती. डेलोरिस वॉशिंग्टन, वय एकोणसाठ, शाळेची बस चालवायची, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. यादीत नाव लागलं २०२१ ला. तिच्या फायलीत वेगवेगळ्या वर्षांचे तीन फॉर्म होते आणि तिन्हींवर त्या रकान्यात तिनं पेनानं आडवी रेघ मारलेली. एका ठिकाणी तर रेघ इतकी दाबून की कागद फाटला होता. मी मनात म्हटलं, काय मग्रूर गोरी बाई आहे. ‘नाही’ दाबलं आणि पुढं गेले.

दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता हॉस्पिटलची इव्हॉन नावाची नर्स व्हिडिओवर यायची. हे सगळं काम तीच सांभाळायची. पन्नाशीची, काळी, मोठ्या हसण्याची बाई. दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही तिला चकलीचा डबा दाखवला. ती म्हणाली, याच आठवड्यात आमचाही सण, मी आईच्या माहेरी चाललेय, एका छताखाली साठ वॉशिंग्टन जमणार. स्वरदाला राहवलं नाही. तिनं विचारलं, म्हणजे तुम्ही त्या राष्ट्राध्यक्षांच्या नात्यातल्या?

इव्हॉन पोट धरून हसली. मग म्हणाली, “नात्यातल्या नाही गं बाळा, शेतावर राबणाऱ्यांतल्या असू. आमचे लोक गुलामीतून सुटले तेव्हा कागदावर आडनाव लागत होतं. कुणी जुनंच ठेवलं, कुणी मोठं बघून लावलं, म्हणजे समोरचा जरा दबकून वागेल. गोरा वॉशिंग्टन मी उभ्या जन्मात एकच पाहिलाय.”

पोरी हसल्या. मी पुठ्ठ्याकडं बघितलं. वहीत लिहायचं आडनाव. समोरचा जरा दबकून वागेल म्हणून लावलेलं. माझ्या बापानं जे केलं तेच या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी केलं होतं, आणि ते ओळखायला माझ्याइतकं लायक त्या खोलीत कुणी नव्हतं. तरी मी त्या कंपाउंडरसारखी वही उघडून बसले आणि म्हटलं, बसा तिकडं.

कॉल संपल्यावर मी पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूची सगळी आडनावं काढली. ‘हो’ म्हटलेल्यांची सही हॉस्पिटल पुढं घेणारच होतं, ‘नाही’ म्हटलेल्यांना कुणी विचारणार नव्हतं. निव्वळ आडनावावर ‘नाही’ ठरवून बंद केलेल्या फायली निघाल्या सदतीस. मग डेलोरिसबाईंची उघडली. २०१४ च्या मार्चमधला रक्ताचा रिपोर्ट. त्या काळी रिपोर्टवर दोन्ही आकडे छापायचे. काळा असेल तर तेवीस, नसेल तर एकोणीस. आणि डॉक्टरनं पेनानं गोल केला होता तेवीसला. गोऱ्या बाईच्या कागदावर कुणी तेवीसला गोल कशाला करील? बाईनं रेघ मारली होती, पण डॉक्टरनं तिच्या तोंडाकडं बघून ठरवलं होतं. तो गोल सप्टेंबरातही माझ्या डोळ्यांसमोर होता. मी आडनाव बघितलं, गोल बघितला नाही.

सात वर्षं. ती मिळाली तर बाई यादीत पार वर जाणार होती. नाही मिळाली तर तिच्या वयाला, तिच्या तब्येतीला, नंबर लागेपर्यंत ती टिकेल असं कुणी छातीठोक सांगितलं नसतं.

घरी गेले तर आई जागीच होती. चंपाबाई माझी आई, बहात्तरची, शाळा चौथीपर्यंत, पण तिच्यापुढं वकील हरेल. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. तिला किडनीचं काही कळलं नाही, बाकीचं सगळं कळलं. मी म्हटलं, सरांना सांगितलं तर विचारतील हे आडनावाचं खूळ कुणाचं, आणि त्यांना वाटतं मी त्यांच्यातलीच. बाबांनी हेच नको म्हणून आडनाव बदललं होतं ना? आता मीच कशाला उघडं करू?

आईनं भाकरी ताटात ठेवली. “तुझा बाप लपला नाय कधी,” ती म्हणाली. “रांगेत उभं ऱ्हायला मिळावं म्हणून नाव बदललं त्यानं. कुणी इचारलं तर सांगायचा, व्हय, आम्ही साळवे. लपलीस ती तू.”

असं तोडून बोलते कधी कधी माझी आई.

दुसऱ्या दिवशी मी मुकुंद सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सदतीस फायलींचा कागद पुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. घाम पुसला. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, आपण या गुपचूप उघडू, ‘पुन्हा तपासल्या’ म्हणून लिहू आणि ‘विचारावं लागेल’ करून पाठवू. कारण लिहायची गरज नाही. मी म्हटलं, सर, कारण नाही लिहिलं तर त्या सदतीसच्या सदतीस, मुदत संपत आली म्हणून, ढिगाच्या तळाला जातील. चूक आपली आहे आणि ती कशी झाली हे लिहिलं तरच ते लोक आधी यांना फोन करतील. सर म्हणाले, ‘आडनावावरून ठरवलं’ असं लेखी कसं द्यायचं हो? किती वाईट दिसतं ते. आणि मग, माझी समजूत घालायला, हसून म्हणाले, की तिकडची आडनावं आपल्याला कशी कळणार, इकडं तर आपली चूक होत नाही ना.

“सर,” मी म्हटलं, “माझं आडनाव पाचोडकर. माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटलं होतं?”

सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

मी सांगितलं. साळवे सांगितलं, आत्याचं सांगितलं, गॅझेट सांगितलं. महालक्ष्म्यांच्या सहा सुट्ट्याही सांगितल्या आणि पुरणपोळ्या कुठून यायच्या तेही. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट रागच आला, सरांचा नाही, माझा. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“देशस्थ वाटलं होतं मला,” ते म्हणाले. “विचारलंही नाही कधी. गरजच वाटली नाही.” मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, तुम्ही लिहा, जसं झालं तसं, सही माझी. मी पुठ्ठ्याचा फोटो काढून लावला आणि लिहिलं की ही यादी रूपा पाचोडकरने केली. बाहेर येऊन तो पुठ्ठा सगळ्या पोरींसमोर फाडला. स्वरदानं का म्हणून विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर बदलला, मी तो बदल ओळखते. नंतर तिनं माझ्या डब्यातली भाजी घेतली, पण पुढं आठवडाभर जरा जपूनच बोलत होती. असो. माणसाला वेळ लागतो.

हॉस्पिटलनं सदतीस जणांना आधी फोन केले. चौतीस काळे निघाले. त्यांतल्या तेहेतीसांनी फोनवर सांगितलं आणि त्यांचं काम पुढं गेलं. एकीनं नकार दिला. डेलोरिस वॉशिंग्टन.

सोमवारी इव्हॉन एकटीच माझ्याशी आणि सरांशी बोलली. ती थकलेली दिसत होती. म्हणाली, बाई ऐकतच नाही. ती म्हणते, लहानपणी आईबरोबर दवाखान्यात गेले तर आमची बसायची खोली वेगळी होती. मोठेपणी फॉर्मवर खरं लिहिलं तेव्हा प्रत्येक वेळी काहीतरी हातचं गेलं, म्हणून लिहायचं सोडलं. तर डॉक्टरनं तोंड बघून लिहिलंच आणि सात वर्षं घेतली. आता तुम्ही म्हणता स्वतःच्या हातानं लिही म्हणजे परत देतो. कशावरून? इव्हॉननं तिला सांगितलं, मीही तुझ्यासारखीच, माझी आई वॉशिंग्टन. तर बाई म्हणाली, तू नोकरीवर आहेस, तू सांगणारच. आणि नियम असा की दुसऱ्याच्या नजरेनं ठरवलेलं चालत नाही, तिनं स्वतः सांगायला हवं. डॉक्टरचा गोल पुरावा धरत नाहीत.

मला तिचा एक शब्दही चुकीचा वाटला नाही. पण दिवस सरत होते.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी ‘बोला’ म्हणून मान हलवली. मग मी इव्हॉनला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत झाडाखालचं सगळं सांगितलं. बैलगाडी, कंपाउंडर, वही. म्हटलं, हे त्यांना सांगाल का? आणि सांगा की त्यांची फाइल ज्या बाईनं चुकीनं बंद केली तीच हे सांगतेय. माझा बापही त्या रकान्याला भ्यायला होता आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. पण यावेळी त्या रकान्यात लिहिलं तर जागा जाणार नाही, गेलेली जागा परत मिळेल. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांना काही कारण नाही, हेही सांगा. इव्हॉन लिहून घेत होती. मधेच तिनं पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायली.

गुरुवारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. इव्हॉन होती. म्हणाली, डेलोरिसबाईनं सगळं ऐकून घेतलं. आणि मग एवढंच विचारलं, “त्या मुलीचं पूर्ण नाव काय?”

चौतीस वर्षांची सवय. ‘पाचोडकर’ एवढंच सांगून थांबायचं जिभेवर आलं होतं. मग मी नाव सांगितलं. रूपा सर्जेराव पाचोडकर, आधीचे साळवे. एकेक अक्षर सांगून तिला लिहून घ्यायला लावलं, दोन्ही आडनावांचं. शेजारी स्वरदा ऐकत होती, समोर मुकुंद सर उभे होते. मी आवाज कमी केला नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फाइल परत आली. सोबत नवा फॉर्म. त्या रकान्यात यावेळी रेघ नव्हती. मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरात बाईनं लिहिलं होतं, ‘काळी’. त्याखाली सही. मी यादीतली तारीख बदलली. ११ मार्च २०१४. दोनदा तपासली, सरांना दाखवली आणि मगच बटण दाबलं.

काम संपलं, त्या हॉस्पिटलशी आमचा संबंधही संपला. पुढं काय झालं ते मला कळायला वाट नाही.

जानेवारीत सत्यभामा आत्या आमच्याकडं राहायला आली होती. आईनं तिला सगळी हकिकत सांगितली, आपल्या पद्धतीनं मीठमसाला लावून. आत्या मेथी निवडत होती. ऐकून घेतलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “मंग मिळाली का त्या बाईला किडनी?”

माहीत नाही, मी म्हटलं.

“पर रांगेत आता पुढं हाय ना?”

हो आत्या, पुढं आहे. लई पुढं.

आत्यानं मान हलवली, हातातली काडी मोडून बाजूला टाकली आणि पुढची जुडी ओढली.